एवढा थंडा तरी घ्या, असं म्हणू नका

वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने सोडा आणि कोल्ड्रिंक प्यायचं नाही. पहिले काही महिने तर एक घोटसुद्धा नाही. डॉक्टर हे तोंडाने सांगतात, डिस्चार्जच्या कागदावर छापलेलंही असतं. तरी सातारा-सांगलीकडे ते पाळणं फार जड जातं, आणि त्याचा दोष एकट्या पेशंटवर टाकता येत नाही. म्हणून हे आवाहन जितकं त्याला आहे तितकंच त्याच्या मेव्हण्याला, सासूबाईंना, शेजाऱ्यांना आणि लग्नाच्या मांडवात ट्रे घेऊन फिरणाऱ्या पोरांना आहे.

आपल्याकडे दारात माणूस आला, ऊन असलं आणि चहाची वेळ टळलेली असली की पोराला टपरीवर पिटाळतात. पोरगं थंडा घेऊन येतं. पाहुण्याने नको म्हटलं तर यजमान दुखावतो. ‘आमच्याकडं काय घेतलंच नाही’ हे वाक्य पुढं चार वर्षं ऐकवलं जातं. वाळव्यात, खटावात, तासगावात कुठंही जा, रीत हीच. ऑपरेशन होऊन महिना झालेला माणूस भाचीच्या साखरपुड्याला गेला, तर त्याच्या हातात प्लास्टिकचा ग्लास येणारच. त्याने घेतला नाही तर त्याला सगळ्यांसमोर ऑपरेशनची गोष्ट सांगावी लागते. ती सांगण्यापेक्षा दोन घोट गिळलेले बरे, असं त्याला वाटतं.

दुसरी अडचण याहून खोल आहे. सोडा हे आपल्याकडे नुसतं पेय नाही, ते औषध मानलं जातं. रविवारी मटणाचं जेवण झालं, पोट गच्च झालं की बाहेर सोड्याच्या गाडीवर जायचं, जिरा सोडा नाहीतर लिंबू सोडा मारायचा, एक मोठा ढेकर द्यायचा आणि ‘आता बरं वाटलं’ म्हणायचं. तो ढेकर म्हणजे अन्न जिरल्याची खूण, असा आपला पक्का समज. खरं तर आत्ता बाटलीतून जो वायू पोटात ओतला तोच तेवढा बाहेर आलेला असतो. जेवण जिथं होतं तिथंच असतं. धडधाकट पोटाला या खेळाने फारसा फरक पडत नाही. ऑपरेशन झालेल्या पोटाला पडतो.

हे ऑपरेशन आता कानाला नवीन राहिलेलं नाही. नितीन गडकरींनी २०११ मध्ये ते करून घेतलं तेव्हा त्याची सगळीकडे चर्चा झाली. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना खास विमानाने मुंबईला आणलं, तेव्हा त्यांचं वजन सुमारे पाचशे किलो असल्याच्या बातम्या गावोगावच्या टीव्हीवर दिसल्या. आपल्या भागाला ऑपरेशनचं भयही तसं कमीच. डॉ. वानलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून कर्नाटकापर्यंतची माणसं पोट दाखवायला मिरजेला येत आली आहेत. मात्र वजनाचं ऑपरेशन हे अपेंडिक्ससारखं, टाके काढले की विसरून जायचं काम नाही. त्यानंतरची काळजी आयुष्यभराची असते, आणि बहुतेकांचे डॉक्टर पुण्या-मुंबईत बसलेले असतात. गावात रोजच्या शंकांना उत्तर द्यायला कोणी नसतं. मग उत्तर देतो तो सोडावाला किंवा औषधाच्या दुकानातला पोरगा.

तर या पोटात नेमकं काय बदललेलं असतं? आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकारची ऑपरेशनं होतात. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी ठेवतात. तिच्यात साधारण १०० ते १५० मिली मावतं. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाची एक लहानशी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात. नेहमीच्या बायपासमध्ये ती पिशवी सुरुवातीला जेमतेम ३० मिलीची असते, म्हणजे दोन मोठे चमचे. (गावात सांगताना ‘पोटाचा बायपास’ असं म्हणा. नुसतं बायपास म्हटलं की लोक हृदयाचं समजतात आणि भलतीच काळजी घेतात.) पूर्वीचं पोट एक-दीड लिटरपर्यंत ताणलं जायचं.

आता बाटलीकडे बघा. कोल्ड्रिंकमध्ये दाब देऊन कार्बन डायऑक्साइड विरघळवलेला असतो, आणि तो द्रवाच्या आकारमानाच्या तिप्पट-चौपट असतो. पाव लिटरच्या छोट्या बाटलीत पाऊण लिटरच्या वर वायू दडलेला असतो. त्याचा जोर किती, ते गोटी सोड्याच्या बाटलीत दिसायचं. हायरम कॉड या इंग्रज माणसाने १८७० च्या दशकात ती बाटली काढली. तिच्यात झाकणच नाही. आतला वायूच गोटीला वर रेटून तोंडाशी घट्ट दाबून धरतो. अंगठ्याने गोटी खाली ढकलताना लहानपणी आपल्या सगळ्यांचाच घाम निघालेला आहे. बाटली उघडल्यावर थोडा वायू उडून जातो, थोडा ग्लासात जातो, पण उरलेला पोटाच्या उबेत मोकळा होतो. दोन चमच्यांच्या पिशवीत किंवा दीडशे मिलीच्या नळीत तो मोकळा झाला तर काय होईल, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

छातीखाली गच्च दाटल्यासारखं होतं. कळ येते. उलटी होते किंवा नुसताच उमासा येऊन तोंडाला पाणी सुटतं. स्लीव्हची नळी अरुंद असते आणि तिच्यात दाब जास्त असतो, त्यामुळे आंबट पाणी घशाशी येण्याचा त्रास तसाही अनेकांना होतो. वायूने तो वाढतो. पहिल्या दीड-दोन महिन्यांत आतली जोडणी आणि शिवण भरत असते, त्या काळात उलटीचे हिसके बसणं मुळीच चांगलं नाही.

इथं एक गोष्ट सरळ सांगतो, कारण तिच्यावरून लोक डॉक्टरांशी वाद घालतात. सोड्याने लहान केलेलं पोट फुगून पुन्हा मोठं होतं, असं सर्रास सांगितलं जातं. सोड्यामुळेच ते ताणलं जातं हे पक्कं दाखवणारे अभ्यास फारसे नाहीत. पोट फाटतं वगैरे ज्या गोष्टी पारावर रंगतात त्यांत तर काही दम नाही. काही पेशंट हे कुठंतरी वाचतात आणि म्हणतात, ‘मग पिऊ की!’ त्यांना माझं म्हणणं एवढंच: पोट ताणलं जात नाही असं गृहीत धरलं तरी बाटलीतली साखर कुठं जाते?

गोड कोल्ड्रिंकच्या १०० मिलीत साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. पाव लिटरमध्ये पाच चमचे, सहाशे मिलीच्या बाटलीत बारा चमच्यांच्या वर. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. म्हणजे एका छोट्या बाटलीत दिवसाचा कोटा संपला. आणि ऑपरेशननंतर सुरुवातीच्या महिन्यांत माणसाचा सबंध दिवसाचा आहारच हजारेक कॅलरींचा असतो. सहाशे मिलीची बाटली अडीचशे कॅलरी घेऊन येते. भाकरीच्या चौथ्या घासाला ‘बास’ म्हणणारं पोट पातळ साखरेला अडवत नाही, ती सरळ खाली उतरते. ऑपरेशननंतर दोन-तीन वर्षांनी वजन पुन्हा चढू लागलेल्या माणसाच्या दिवसभराच्या नोंदी तपासल्या, तर अशी पातळ साखर हमखास सापडते: चहा, सरबत, थंडा. जेवण तो खरंच कमी जेवत असतो.

बायपास झालेल्यांना साखर आणखी एका तऱ्हेने छळते. साखरेचं पाणी पिशवीतून झपाट्याने आतड्यात पडतं, आतडं त्यात स्वतःचं पाणी सोडतं, आणि दहा ते तीस मिनिटांत माणसाला दरदरून घाम फुटतो. छाती धडधडते, पोटात मुरडा येतो, जुलाब होतात, कुठंतरी आडवं व्हावंसं वाटतं. डॉक्टर याला डम्पिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी दुसरा झटका येतो. रक्तातली साखर एकदम खाली जाते, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. लग्नात थंडा पिऊन जो मोटारसायकलवर बसला त्याला हे निम्म्या वाटेत होऊ शकतं.

‘मग डाएट घेतो, झिरो घेतो.’ साखर गेली, हे खरं. वायू तेवढाच राहिला आणि आम्लही राहिलं. कोलामध्ये फॉस्फोरिक आम्ल असतं, कॅफीन असतं. ऑपरेशनने आधीच कॅल्शियम आणि लोह कमी शोषलं जातं, हाडांची काळजी घ्यावी लागते, आणि अशा माणसाने कोलाची सवय लावून घेण्यात काहीच शहाणपण नाही. वीस रुपयांच्या एनर्जी ड्रिंकच्या बाटल्या हल्ली कॉलेजच्या पोरांपासून ऊसतोड मजुरांपर्यंत सगळ्यांच्या हातात दिसतात. त्यांत वायू, साखर आणि भरपूर कॅफीन हे तिन्ही एकत्र आहेत. त्यांचं नावही काढू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाकीचं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

ऑपरेशन झालेल्या माणसाच्या पोटात दुखायला लागलं की घरात पहिलं वाक्य उमटतं, ‘गॅस धरला असेल.’ दुसरं वाक्य, ‘सोडा दे जरा’, नाहीतर ‘ईनो दे.’ पाण्यात टाकून फसफसणारी ती पूड म्हणजे सोडाच आहे, वायू तयार करणारा. एरवी हा घरगुती उपाय खपून जातो. या माणसाच्या बाबतीत तो दोन तऱ्हांनी घातक ठरतो. एक, वायूने दाब वाढतो. दोन, आणि हे जास्त वाईट, ‘जरा वेळ बघू, ढेकर आला की उतरेल’ म्हणण्यात मोलाचे तास जातात.

पहिल्या महिन्याभरात होणारं दुखणं आतल्या शिवणीतून गळती झाल्याचं असू शकतं. असं क्वचितच होतं, पण झालं तर जिवावर बेततं. त्याच्या खुणा घरातल्या प्रत्येकाला पाठ हव्यात. नुसतं पडून असतानाही नाडी मिनिटाला १२० च्या आसपास किंवा वर पळत राहते. ताप येतो. पोटातलं दुखणं कमी न होता वाढतच जातं, कधी डाव्या खांद्यात कळ जाते. दम लागतो, जीव घाबरा होतो. यातलं काहीही दिसलं तर तोंडाने काही देऊ नका. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना फोन करा आणि गाडी काढा. पुणे लांब वाटत असेल तर आधी साताऱ्यात, कराडला, मिरज-सांगलीत जे मोठं रुग्णालय जवळ असेल तिथं न्या आणि कागद दाखवा. रात्र आहे, सकाळी बघू, असं म्हणू नका.

महिने-वर्षं लोटल्यावरही ‘गॅस’ समजून अंगावर काढलेली दुखणी वेगळीच निघतात. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात, मग जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते आणि पाठीकडे जाते. बायपासनंतर आतड्याचा वेढा आतल्या फटीत अडकू शकतो. हे दुखणं येतं-जातं, त्यामुळेच ते फसवं असतं. जोडणीपाशी अल्सर होतो, जळजळतं, कधी शौचाला काळं होतं. तंबाखूने हा अल्सर होण्याचा धोका वाढतो. आपल्याकडच्या कितीतरी बाया सकाळी मिश्री लावतात आणि डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्री म्हणजे तंबाखू असं त्यांच्या मनातही येत नाही. मावशी, मिश्री म्हणजे तंबाखूच. ती ऑपरेशनआधीच सोडून द्या आणि डॉक्टरांना खरं सांगा. गावातल्या डॉक्टरांनाही विनंती आहे: पाठ दुखते, डोकं दुखतं म्हणून डायक्लोफिनॅकसारखं इंजेक्शन किंवा गोळी देण्याआधी पोटावरच्या छोट्या व्रणांबद्दल विचारा. या पोटाला ती औषधं चालत नाहीत.

आणि छातीत दाटलं म्हणून सोडा पिऊन झोपलेला माणूस सकाळी उठला नाही, ही गोष्ट ऑपरेशन न झालेल्यांच्या घरातही घडते. ते हार्ट अटॅकचं दुखणं असतं. त्यावर इथं जास्त लिहीत नाही, पण लठ्ठपणा, साखर आणि ब्लडप्रेशर घेऊन जगलेल्या माणसाबाबत ही शंका आधी घ्यायची असते.

सोडा न पिताही पोटात वायू जाण्याच्या काही वाटा आहेत, त्या सांगून ठेवतो. पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या व्हिटॅमिनच्या, कॅल्शियमच्या, तापाच्या गोळ्या मिळतात. ऑपरेशननंतर गोळ्या भरपूर असतात, त्यामुळे औषधाच्या दुकानात ‘ही विरघळणारी घ्या, गिळायला सोपी’ म्हणून त्या हातात दिल्या जातात. शक्य तर डॉक्टरांना विचारून दुसरा प्रकार घ्या, नाहीच तर फेस पूर्ण बसेपर्यंत थांबा आणि ढवळून घ्या. स्ट्रॉने पिताना हवा गिळली जाते, तेव्हा स्ट्रॉ नको. बिअर म्हणजे वायू आणि दारू दोन्ही. इडलीत, भज्यात खायचा सोडा असतो म्हणून काहीजण घाबरतात, पण त्यातला वायू चुलीवरच उडून गेलेला असतो. भजी टाळायची ती तेलासाठी.

दारूचा विषय निघालाच आहे तर तोही मांडतो. आपल्याकडे सोडा बऱ्याचदा व्हिस्कीबरोबर येतो. ऑपरेशननंतर, विशेषतः बायपासनंतर, दारू रक्तात फार लवकर चढते आणि पूर्वीपेक्षा जास्त चढते. पूर्वी चार पेग पचवणारा गडी एका पेगात लुढकतो आणि तरी स्वतःला जुनाच गडी समजून गाडीची किल्ली मागतो. पहिलं वर्ष तर दारू पूर्ण बंद. त्यानंतरही काही जणांना खाण्याची जुनी ओढ दारूकडे वळलेली जाणवते. घरच्यांनी याकडे डोळे उघडे ठेवून बघावं.

मग प्यायचं काय? हा प्रश्न माण, जत, आटपाडीच्या उन्हात थट्टेचा नाही. या ऑपरेशननंतर लोक पुन्हा दवाखान्यात भरती होतात त्याचं एक मोठं कारण अंगातलं पाणी कमी होणं हे आहे. शेतावरून आलेला माणूस तांब्या उचलून घटाघटा पाणी पितो, हे आता जमणार नाही, पोटात जागाच नाही. तहान लागलेली, घोट घेतला की छातीत दाटतं, मग तो पाणीच टाळतो, आणि थंडगार बाटली समोर आली की मोह होतो. उपाय कंटाळवाणा आहे पण तोच खरा: दर दहा-पंधरा मिनिटांनी एक-दोन घोट, दिवसभर. दीड-दोन लिटर पाणी असंच पोटात गेलं पाहिजे. बाटली कायम जवळ हवी, बांधावरसुद्धा. जेवणाच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंत पाणी नको. लघवी गडद पिवळी होत असेल तर घोट कमी पडताहेत असं समजा. माठातलं पाणी चांगलं, बर्फासारखं गार नको.

पाण्याचा कंटाळा आला की आपल्या स्वयंपाकघरात जे आहे ते कुठल्याही बाटलीहून सरस आहे. लोणी काढलेलं पातळ ताक, साखर न घालता, जिरं-मीठ टाकून. भिलवडी-पलूसच्या दुधाच्या पट्ट्यात राहून ताकाला महाग होणं म्हणजे कमालच. दूध-ताकाने कोणाला जुलाब झाले तर प्रमाण कमी करून बघायचं. डाळ शिजवून वरचा कट काढतात, तो मसाला न घालता, नुसतं मीठ-जिरं घालून घेता येतो. हुलग्याचं माडगं तर आपल्याच माणदेशाचं. एरवी त्यात गूळ पडतो, तो वगळायचा आणि सुरुवातीच्या आठवड्यांत गाळून पातळ प्यायचं. हुलग्यात प्रथिनं चांगली असतात, आणि या माणसांना दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं गाठायची असतात. त्यामुळे वायूचं पाणी पिऊन पोटातली जागा अडवणं त्यांना परवडतच नाही. लिंबू पाण्यात पिळा, सोड्यात नको, आणि साखरेऐवजी चिमूटभर मीठ घाला.

उसाच्या रसाबद्दल मुद्दाम बोललं पाहिजे. कृष्णाकाठच्या माणसाला रस नको म्हणणं म्हणजे घरच्यालाच नको म्हणण्यासारखं. ‘कोल्ड्रिंक नाही ना घेतलं, रस तर नैसर्गिक आहे’ हा युक्तिवाद कराड ते ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर) रस्त्यावरच्या प्रत्येक रसवंतीवर ऐकू येईल. रसात वायू नाही, पण साखर कोल्ड्रिंकएवढी किंवा त्याहून जास्त आहे. बायपास झालेल्या माणसाला एक ग्लास रस तसाच घाम फोडेल. कारखाना आपला, ऊस आपला, तरी रस आपल्यासाठी नाही. नीरेचं आणि बाटलीतल्या स्ट्रॉबेरी सरबताचंही तसंच.

किती दिवस हे पाळायचं? दवाखान्यागणिक उत्तर बदलतं. कोणी तीन महिने सांगतं, कोणी सहा, कोणी कायमचं. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांचं ऐका, कारण तुमच्या पोटात काय केलंय ते त्यांनाच माहीत. माझं मत विचाराल तर गोड कोल्ड्रिंक आणि एनर्जी ड्रिंक जन्मभर बंद. साध्या सोड्याचं मन कधी वर्षा-दीड वर्षाने झालंच, तर डॉक्टरांना विचारून, ग्लासात ओतून, ढवळून, फेस मारून, दोन-तीन घोट. आणि फेस मेलेला सोडा कसा लागतो ते एकदा चाखलं की बहुतेकांचं मन आपोआप उडतं.

आता यजमानांना. ‘एवढा तरी घ्या’ हा आग्रह प्रेमाचा असतो, मान्य. पण नवं पोट मोजून तीन घासांचं आहे आणि माणसाने ते हौसेने करून घेतलेलं नाही. साखर, गुडघे, झोपेत अडकणारा श्वास, यांना कंटाळून, कर्ज काढून, जिवावर उदार होऊन तो त्या टेबलावर झोपलेला असतो. त्याला चारचौघांत ‘आता काय होतंय, थोडं घ्या’ म्हणू नका. ‘वाळलास की रे’ म्हणून गुलाबजामची वाटी पुढे करू नका. लग्नकार्य असेल तर कोल्ड्रिंकच्या टेबलाशेजारी साध्या पाण्याचा जार आणि बिनसाखरेचं ताक ठेवा. ते मधुमेहाच्या पाहुण्यांनाही लागतंच, वेगळा खर्च होत नाही. यात्रेत, पुसेगावला, पालीला, मांढरदेवीला, बरोबरच्या माणसांनी या माणसासाठी घरचं पाणी वेगळं घ्यावं. वाटेत गाडी थांबली की सगळ्यांना थंडा आणि त्याला एकट्याला ‘तू नको घेऊ’, असं करण्यापेक्षा सगळ्यांनीच चहा घेतला तर काही बिघडत नाही. त्याने मात्र तोही बिनसाखरेचा आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब घ्यावा.

आणि ऑपरेशन होऊन दोन-तीन वर्षं झालीत, सोडा-थंडा पुन्हा सुरू झालाय, काटा चढतोय आणि म्हणून तपासणीलाच जायचं टाळताय, अशा सगळ्यांना. ऑपरेशन वाया गेलेलं नाही. आज बाटली बंद करा, आठवडाभर जे जे प्याल ते वहीत लिहा आणि ती वही डाएटिशियनपुढे ठेवा. रागावतील ही भीती काढून टाका. त्यांनी अशा वह्या पुष्कळ पाहिलेल्या असतात. रक्ताच्या तपासण्या, बी-१२, लोह, कॅल्शियम, हे वजन वाढो की घटो, दरवर्षी करायचंच आहे. तारीख चुकली असेल तर नवी घ्या. सातारा-स्वारगेट विनाथांबा गाड्या दिवसभर सुटतात, आणि मिरज-सांगलीहून पुण्याला रेल्वेही आहे.